काचेच्या तारेचं शेवटचं टोक

फायबर घरात आलं की त्याच्या टोकाला कंपनीचा एक डबा बसतो. कुठे टीव्हीच्या वर, कुठे चपलांच्या कपाटामागे, कुठे देव्हाऱ्याशेजारच्या प्लगजवळ. जागा आपली, वीज आपली, धूळही आपणच पुसायची; डबा मात्र आपला नसतो. त्याच्या आतल्या सगळ्या सेटिंग उघडणारा पासवर्ड कंपनीकडे असतो. आपल्याला वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलण्यापुरता अधिकार मिळतो. घरातले फोन, मुलीचा लॅपटॉप, टीव्ही, गेटवरचा कॅमेरा, या सगळ्यांचं बोलणं दिवसरात्र त्याच डब्यातून जातं. खामगावात माझ्या घरी फायबर आलं तेव्हापासून मला एक गोष्ट ठामपणे वाटत आली आहे: घरात बाहेरून काय यावं आणि घरातून बाहेर काय जावं, याबद्दलचा शेवटचा शब्द घरातल्या माणसांचा असला पाहिजे.

त्यासाठी मी एक लहानसा संगणक घेतला. पंखा नाही, आवाज नाही, चार लॅन पोर्ट आणि शिवाय एक एसएफपीची, म्हणजे फायबर जोडायचा छोटा तुकडा बसवण्याची खाच. त्यावर ओपीएनसेन्स नावाची फायरवॉल चालते. ती कोणालाही फुकट मिळते आणि तिचा सगळा कोड उघडा आहे. २०१५ साली पीएफसेन्स या जुन्या प्रकल्पातून ती वेगळी झाली. फायरवॉलचा मूळ नियम साधा असतो. आतून कोणी काही मागितलं तर त्याचं उत्तर आत येऊ द्यायचं, न मागता बाहेरून आलेलं काहीही आत घ्यायचं नाही. कोणी काय मागितलं याची नोंद ती ठेवते आणि येणारं प्रत्येक पाकीट त्या नोंदीशी ताडून पाहते.

आता मनात आलं ते असं: एसएफपीची खाच आहेच, तर कंपनीचा डबा काढून फायबर सरळ या यंत्रातच का लावू नये?

वेगाचा हव्यास हे त्यामागचं कारण नव्हतं. पहिलं कारण घाटाखालच्या माणसाला लगेच पटेल. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे अजिंठ्याच्या रांगेने दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार घाटावर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. रोहिणीच्या शेवटी आणि मृगात इथे पावसाआधी विजा येतात. टेलिफोनच्या तांब्याच्या जोडतारेवरून इंटरनेट यायचं त्या काळात ढग गडगडले की घरातलं कोणीतरी धावत जाऊन मोडेमची पिन काढायचं. नाही काढली तर दूरवर कुठेतरी पडलेल्या विजेचा झटका तारेवरून घरात यायचा आणि मोडेम जायचा, कधी त्याला जोडलेला संगणकही. काचेतून वीज वाहत नाही. फायबर सरळ फायरवॉलमध्ये घुसलं तर बाहेरच्या जगाशी तांब्याचा संबंध उरतो तो फक्त वीजपुरवठ्याच्या प्लगचा. शिवाय दोन डब्यांना दोन अडॅप्टर लागतात. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर दोन्ही चालावे लागतात आणि दोनपैकी एक रुसला तरी नेट बंद. एकच यंत्र असलं तर तेवढी कटकट कमी.

दुसरं कारण विश्वासाचं होतं. कंपन्यांनी दिलेले असे डबे लांबून सांभाळण्यासाठी टीआर-०६९ नावाची एक पद्धत २००४ पासून आहे. कार्यालयात बसून हजारो घरांतल्या डब्यांच्या सेटिंग तिने बदलता येतात, नवं सॉफ्टवेअर चढवता येतं. सोय मोठी आहे, पण ते दार नीट बंद ठेवलं नाही तर काय होतं ते जगाने पाहिलं आहे. २०१६ साली मिराई नावाच्या किड्याने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि राऊटर जगभरातून गोळा केले आणि त्यांच्या झुंडी मोठमोठ्या सेवांवर सोडल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच्याच एका भावंडाने लांबून सांभाळण्याच्या याच दारावर धडका दिल्या आणि जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट बंद पडलं. त्या ९ लाख घरांतल्या एकानेही काही चुकीचं केलेलं नव्हतं. डबा त्यांच्या घरात होता, इतकंच. आपल्याकडे फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं ते याच जातीच्या रोगासाठी. लागण झालेली यंत्रं ओळखायची आणि ती साफ करायची साधनं फुकट द्यायची हे त्याचं काम.

लाईन टाकायला आलेल्या मुलाचं काम मी जवळ बसून पाहिलं होतं. ज्याने ते पाहिलं नसेल त्याने एकदा जरूर पाहावं. खांबावरून येणारी काळी चपटी ड्रॉप केबल. तिच्या एका कडेला पोलादी तार, मधोमध काच. पोलादी तार त्याने बाहेरच्या भिंतीवरच्या हुकाला गुंडाळून तिथेच तोडली. झोल तिने सांभाळायचा, आत यायचं ते फक्त काचेने. विजेच्या दृष्टीनेही हेच बरोबर आहे. ती तार घरात आणली तर काचेचा सगळा फायदा तिथेच संपतो. मग त्याने मांडीवर रुमाल पसरला. काचेवरचा रंगीत थर स्ट्रिपरने ओढून काढला, स्पिरिटच्या कापसाने पुसला. उरली ती १२५ मायक्रॉन जाडीची काच, आपल्या केसापेक्षा फारशी जाड नाही. त्यातही उजेड चालतो तो मधल्या ९ मायक्रॉनमधून. क्लीव्हरमध्ये ठेवून टोक कापलं, तुटलेला तुकडा बोटाने न उचलता चिकटपट्टीवर घेतला. "तुकडा पायात घुसला तं दिसत नाई काका, अन् निंघतबी नाई," तो म्हणाला. स्प्लाइसिंग मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली, यंत्राने ती स्वतः सरळ रेषेत आणली, निळसर ठिणगी पडली आणि दोन काचा एक झाल्या. सांधा कुठे होता ते पडद्यावरही दिसेना.

टोकाला हिरवी टोपी होती. हिरव्या कनेक्टरचं तोंड ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, म्हणजे परतणारा उजेड आल्या वाटेने मागे जात नाही, बाजूला विरतो. निळ्या टोपीचं तोंड सरळ असतं. हिरवं-निळं एकमेकांत बसतं खरं, पण बसवू नये. मधे फट राहते आणि उजेड वाया जातो. त्याने पॉवर मीटर लावला. उणे वीसच्या आसपास आकडा आला आणि त्याचं समाधान झालं. उणे वीस डीबीएम म्हणजे एका मिलीवॉटचा शंभरावा भाग. एवढ्याशा, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त उजेडावर घर चालतं. हा आकडा उणे सत्तावीसच्या खाली गेला की डब्यावर लाल लाईट लागायची वेळ येते.

"हे हिरवं टोक सरळ माझ्या मशिनीत लावलं तर?" मी विचारलं.

"लागते ना काका. उजेड येईन. पण नेट नाई चालणार, वरून तुमचा सिरियल नंबर ओळखत नाई न." तो थांबला, मग त्याने खरी गोष्ट सांगितली. "अन् चुकीचा लेझर पेटला तं आख्ख्या गल्लीचं नेट बसते. मंग मले एकेक खांब चढा लागते."

त्याच्या या दुसऱ्या वाक्याने माझ्या विचाराची दिशा बदलली. फायबरची अशी लाईन माझी एकट्याची नसते. ऑपरेटरच्या खोलीतल्या ओएलटी नावाच्या यंत्रातून एक काच निघते. वाटेत खांबावरच्या पेटीत एक स्प्लिटर असतो आणि तो त्या एका काचेतला उजेड ३२ किंवा ६४ काचांत वाटतो. त्या स्प्लिटरला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. उजेडाची ती नुसती वाटणी आहे. पूर्वी लोकल केबलवाल्यांची नेटची लाईन खांबाखांबावरच्या स्विचांमधून यायची आणि एका डीपीची लाईट गेली की पुढची सगळी वस्ती बंद पडायची. ते दुखणं या वीज न लागणाऱ्या वाटणीने संपवलं. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या ज्या योजनेला २०११ साली मंजुरी मिळाली आणि जिला आज आपण भारतनेट म्हणतो, तिच्या पहिल्या टप्प्यातही सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने घडवलेली हीच पद्धत वापरली गेली.

वरून येणारा उजेड सगळ्यांच्या घरी सारखाच येतो. शेजाऱ्याचं पाकीटही माझ्या काचेपर्यंत पोचतं. ते माझं नाही म्हणून माझा डबा ते सोडून देतो. या पद्धतीच्या मानकात १२८ बिटांच्या कुलपाची सोय आहे ती याच कारणाने. पण खरी अवघड गोष्ट उलट्या दिशेची. ३२ घरांतून वर जाणारा उजेड एकाच काचेत येऊन मिळतो. दोघांचे लेझर एकाच क्षणी पेटले तर दोघांचंही बोलणं नासतं. म्हणून वरचं यंत्र प्रत्येक घराला वेळ नेमून देतं. नळगंगेच्या किंवा पेनटाकळीच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पाटाच्या पाण्याची पाळी लागते, ज्याची पाळी त्याने बारं उघडायचं, झाली की बंद करायचं, आणि रात्री चोरून कोणी बारं उघडं ठेवलं तर टेलच्या शेतकऱ्याचा गहू वाळतो. फरक एवढाच की इथली पाळी तासांची नसते. जीपॉन नावाच्या या पद्धतीतली एक पाळीपत्रिका १२५ मायक्रोसेकंदांची असते, म्हणजे सेकंदाला ८००० वेळा ती नव्याने मांडली जाते.

यातही एक बारीक हिशेब आहे, आणि मला तो फार आवडतो. काचेतून उजेड सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. खामगावाहून जलंब स्टेशन १३ किलोमीटर. समजा एक घर ओएलटीच्या शेजारी आणि दुसरं जलंबला असेल, तर दुसऱ्याचा उजेड ६५ मायक्रोसेकंद उशिरा पोचेल. पाळी १२५ची आणि उशीर ६५चा, घोटाळा नक्की. म्हणून घरातला डबा चालू होताच वरचं यंत्र आधी त्याचं अंतर मोजतं आणि जवळच्या घराला सांगतं, तू इतका वेळ थांबून बोल. २० किलोमीटरच्या परिघातली सगळी घरं जणू एकाच अंतरावर आहेत असा मेळ त्यातून बसतो. आपण व्हिडिओ पाहत बसलेलो असतो तेव्हा घरातला लेझर गल्लीतल्या बाकीच्या लेझरांशी मायक्रोसेकंदाच्या हिशेबाने वागत असतो.

आता यात मी माझा लेझर घालायचा म्हणजे काय? बाजारात बोटाएवढे एसएफपी मिळतात. फायरवॉलच्या खाचेत बसतात, त्यांच्या तोंडाला हिरवी टोपी लागते. त्यात जुन्या डब्याचा सिरियल नंबर भरायचा, चार अक्षरं कारखान्याची आणि पुढे आठ आकडे-अक्षरं, कुठे त्यासोबत एक पासवर्ड, कुठे व्हीलॅनचा, म्हणजे त्याच तारेवरच्या वेगळ्या आभासी जाळ्याचा, क्रमांक. सगळं जुळलं तर वरच्या यंत्राला वाटतं की जुनाच डबा बोलतो आहे. जगभरात हौशी लोक हे करतात. मी त्याबद्दल पुष्कळ वाचलं आणि दोन गोष्टी लक्षात आल्या.

एक, ज्याला आपण थेट म्हणतो ते थेट नसतंच. त्या बोटाएवढ्या तुकड्याच्या आत एक वेगळा संगणक असतो, त्याचं स्वतःचं लिनक्स असतं, आणि वरचं यंत्र त्याच्याशीही परस्पर बोलून त्याच्या सेटिंग ठरवतं. मधला डबा गेला असं वाटतं, प्रत्यक्षात तो लहान होऊन खाचेत बसलेला असतो, आणि त्याला घाम इतका फुटतो की वैशाखात घाटाखाली पंख्याशिवाय तो किती टिकेल अशी शंका यावी. दोन, त्याचा लेझर अडकून सतत पेटलेला राहिला तर माझ्यामुळे ३१ घरांचं नेट बसतं. त्यात कोणाची ऑनलाइन परीक्षा असेल, कोणाच्या दुकानाचं पेमेंट, कोणाची पुण्याच्या कंपनीची मीटिंग. आणि दोष कोणत्या घरात आहे हे शोधायला तोच मुलगा उन्हातान्हात एकेक ड्रॉप काढून पाहत फिरणार. पाळीत बसणारं यंत्र कोणाचंही असो, त्याची जबाबदारी पाळी लावणाऱ्याकडे असली पाहिजे, या मताला मी आलो आणि त्यावर ठाम आहे. ऑपरेटरला सांगून, त्याने तपासून मान्य केलेलं यंत्र असेल तर गोष्ट वेगळी. दुसऱ्याचा नंबर लावून गुपचूप बसवणं मला पटत नाही.

पण याचा अर्थ घराच्या दाराची किल्लीही त्यांच्याकडे असावी असा होत नाही, आणि इथे मला आमच्याकडच्या ऑपरेटरांच्या वागण्याची खरोखर चीड येते. डब्याची दोन कामं असतात. उजेडाचं लॅनमध्ये रूपांतर करणं हे एक, आणि राऊटर होऊन घराचे सगळे नियम सांभाळणं हे दुसरं. पहिलं काम त्यांचं. दुसरं माझं. दोन्ही वेगळी करायची सोय जवळजवळ प्रत्येक डब्यात असते, तिला ब्रिज मोड म्हणतात. डबा फक्त उजेड उतरवतो आणि आलेलं सगळं न उघडता माझ्या फायरवॉलला देतो. पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात शिरण्याचं, लॉगिन माझं यंत्र करतं. यासाठी ग्राहकाला तीनच गोष्टी लागतात: लॉगिन, पासवर्ड आणि व्हीलॅनचा क्रमांक. त्या मिळवायला मला फोनवर ज्या विनवण्या कराव्या लागल्या त्या कोणाला करायला लागू नयेत. "तसं देत नाही", "सिस्टीममध्ये नाही", "तुम्हाला काय गरज". गरज काय, हे विचारायचा हक्क त्यांना कोणी दिला? जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून आपला राऊटर निवडण्याचा हक्क ग्राहकाला कायद्याने आहे. आपल्याकडे निदान या तीन गोष्टी पहिल्या बिलावर छापून याव्यात, एवढी मागणी तरी प्रत्येक ग्राहकाने करावी.

तारेच्या टोकाशी कोण बसतं हा प्रश्न या गावाला नवा नाही. जलंब ते खामगाव ही रेल्वेची फांदी १८७० साली सुरू झाली, आमच्या कापसाच्या बाजारासाठी. त्याच वर्षी सुएझहून एडनमार्गे मुंबईला समुद्राखालची तार पोचली. इंग्लंडमधल्या व्यापाऱ्याला वऱ्हाडातल्या कापसाचा भाव आणि वऱ्हाडातल्या अडत्याला तिकडची मागणी आता काही तासांत कळू लागली. गाडीत कापूस भरून आणणाऱ्या शेतकऱ्याला मात्र भाव कळायचा तो बाजारात पोचल्यावर, दुसऱ्याच्या तोंडून. तार त्याच्या गावाजवळून जात होती, टोक त्याच्या हातात नव्हतं. आज तोच भाव त्याच्या नातवाच्या फोनवर सकाळीच असतो. म्हणून टोकाशी काय आहे याकडे मी इतकं लक्ष देतो.

ब्रिज मोड अखेर मिळाला. आता कोपऱ्यात कंपनीचा डबा आहे, त्याचं वायफाय बंद आहे आणि त्याच्यातून एक केबल माझ्या फायरवॉलमध्ये जाते. मधला मीटरभर तांब्याचा तुकडा राहिला, अडॅप्टरही दोन राहिले. ते मी मान्य केलं आहे. दोन्ही यंत्रं एकाच छोट्या बॅटरी बॅकअपवर आहेत. पहिल्या आठवड्यात मी लॉग वाचत बसलो तेव्हा सगळ्यात जास्त धडपड दिसली ती गेटवरच्या कॅमेऱ्याची. आमच्या अंगणाचं चित्र दाखवणं एवढंच त्याचं काम, पण तो थोड्या थोड्या वेळाने देशाबाहेरच्या पत्त्यांशी बोलू पाहायचा. त्याला वेगळ्या जाळ्यात टाकलं आणि बाहेर जाण्याचा त्याचा रस्ता बंद केला. घरात तो नीट दिसतो.

एका गोष्टीकडे मात्र नव्याने फायरवॉल लावणाऱ्याने आवर्जून पाहावं. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांमध्ये ऑपरेटर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवतो. १००.६४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर आपण त्यातले. त्या गर्दीमुळे बाहेरच्याला आपल्यापर्यंत सहज येता येत नाही आणि आपण सुरक्षित आहोत असं वाटत राहतं. आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत आली की तो आडोसा संपतो. घरातल्या प्रत्येक यंत्राला, त्या कॅमेऱ्यालाही, जगभरातून हाक मारता येईल असा स्वतःचा पत्ता मिळतो. पत्ता मिळणं चांगलंच आहे, इंटरनेट मुळात तसंच असायला हवं होतं. मात्र आयपीव्ही६ साठीचे नियम वेगळे लिहिले आहेत का, हे तपासल्याशिवाय ते चालू करू नये. काही डब्यांत आयपीव्ही६ ची फायरवॉल बंद असते आणि ती चालू करण्याचा पर्याय ग्राहकाला दिसतच नाही.

तो मुलगा परवा भेटला तेव्हा म्हणाला की पुढेमागे सेकंदाला १० गिगाबिटची नवी यंत्रं येतील. एक्सजीएस-पॉन म्हणतात त्याला. काच तीच राहते, उजेडाची लांबी बदलते, खाली येणारा १५७७ नॅनोमीटर आणि वर जाणारा १२७०. आजचे लेझर त्यात चालत नाहीत. मी बोटाएवढा तुकडा विकत घेऊन बसवला असता तर तो त्या दिवशी टाकून द्यावा लागला असता. आता तो मुलगा येईल, डबा बदलेल, पॉवर मोजेल आणि जाईल. केबल त्याच पोर्टात लागेल, आणि फायरवॉलमधला एकही नियम मला बदलावा लागणार नाही.